आधी-नंतरचे फोटो खरे वाटावेत म्हणून

फेशियल किंवा हेअर कलरचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो इन्स्टाग्रामवर टाकताना पार्लरवाल्यांचं बहुतेक वेळा उजेडातच चुकतं. पहिला फोटो ट्यूबलाइटखाली, दुसरा रिंगलाइटसमोर. मग फरक कामाचा की दिव्याचा, हे बघणारीला कळत नाही. खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी खुर्ची ठेवा. खुर्चीची आणि फोटो काढणारीची जागा जमिनीवर चिकटपट्टी लावून पक्की करा. खोलीतले पिवळे दिवे बंद, फोनचा ब्यूटी मोडही बंद. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. थ्रेडिंग-वॅक्सिंगनंतर त्वचा थोडा वेळ लाल असते, तेव्हा फोटोची घाई नको.

फोटो टाकायला ग्राहक महिलेची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. चेहरा दाखवायचा की फक्त केस, हे वेगळं विचारा. हा तिच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

लोकेशनमध्ये नुसतं ‘पुणे’ नको. आयब्रोसाठी हडपसरहून कोथरूडला कोण येणार? आपला भाग टाका, जवळची खूण, कामाला लागणारा वेळ आणि दर लिहा. ‘दरासाठी मेसेज करा’ वाचून पुष्कळ जणी पुढे सरकतात.