दडलेला जंतुसंसर्ग शोधताना या चुका टाळा

जळगाव परिसरातील अतिदक्षता विभागांत काम करताना एक चूक मला सर्वाधिक दिसते. ताप उतरत नाही, रक्तदाब सावरत नाही, आणि तरीही उताण्या रुग्णाच्या पोर्टेबल एक्स-रेवरच सगळी भिस्त ठेवली जाते. त्या स्थितीत छातीतले पाणी पाठीकडे पसरून नुसते धूसर दिसते, त्याला न्यूमोनिया समजले जाते आणि प्रतिजैविके बदलत राहतात.

रावेरकडचे एक मधुमेही केळी उत्पादक असेच आमच्याकडे आले. व्हेंटिलेटरवर पाचवा दिवस होता आणि तिसरे प्रतिजैविक सुरू होते. आतड्यातील वायूमुळे मागचा भाग नीट दिसला नाही, असे सोनोग्राफीच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते. केसपेपरवर मात्र त्याचे ‘सोनोग्राफी नॉर्मल’ झाले होते. पांघरूण काढले तेव्हा डावा गुडघा दुमडलेला दिसला, आणि पाय सरळ करू लागताच, गुंगीच्या औषधावर असूनही, त्यांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केलेल्या सीटीत कण्यालगतच्या, मांडी वर उचलणाऱ्या डाव्या सोआस स्नायूत मोठे गळू निघाले. त्याच संध्याकाळी पिगटेल नळी (टोकाला वळलेली बारीक नळी) घालून पू काढला आणि दुसऱ्या दिवशी रक्तदाब टिकवून धरणाऱ्या औषधाची मात्रा कमी करता आली.

तेव्हापासून स्कॅनची चिठ्ठी लिहिण्याआधी मी रुग्णाला कुशीवर वळवून पाठ, कंबर, टाके आणि प्रत्येक नळीची जागा स्वतः पाहतो. नवख्या डॉक्टरांना थेट सीटीला पाठवणे सोपे वाटते. पण कुठे शोधायचे हे न ठरवता केलेला स्कॅन पुष्कळदा संभ्रमच वाढवतो. चिठ्ठीवर ‘ताप, कारण शोधा’ एवढेच लिहू नका, रेडिओलॉजिस्टला फोन करून शंका सांगा.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलेले पाहून कॉन्ट्रास्ट सरसकट टाळू नका. त्याच्याशिवाय गळूची कड उठून दिसत नाही, आणि पू आत राहिला तर सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयवांना होणारी जीवघेणी इजा) तीच मूत्रपिंडे निकामी करू शकतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीचा निर्दोष सीटी आठव्या दिवशी पुरावा मानू नका, कारण गळू आकाराला यायला वेळ लागतो. दीर्घकाळ उपाशी असलेल्या रुग्णाचे पित्ताशय खड्यांशिवायही सुजते. त्यासाठी खाटेजवळची सोनोग्राफी आधी करा. सीटीला नेताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा स्वतः वाचा. आणि पू निघाला की तो फेकण्याआधी कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) पाठवा.