चक्रीवादळाआधी शिडाची बोट बांधताना या चुका टाळा

चक्रीवादळात यॉट कशी सांभाळावी हे इंटरनेटवर शोधलं की बहुतेक सल्ला फ्लोरिडाचा नाहीतर कॅरिबियन बेटांचा मिळतो. सल्ला चुकीचा नसतो, पण तिथल्या बऱ्याच बंदरांत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. मुंबई बंदरात उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला, तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. तिथलं गणित जसंच्या तसं इथे वापरलं की नांगर, दोर, जागा, सगळंच थोडं थोडं चुकतं.

दुसरा फरक कॅलेंडरचा. अरबी समुद्रात वादळं प्रामुख्याने मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. आपल्याकडे बोटी पावसाळ्यासाठी वर काढायची वेळ नेमकी मे महिन्याची. म्हणजे वादळ येतं तेव्हा यार्ड निम्मं भरलेलं असतं, क्रेनवाल्याचा फोन लागत नाही आणि उरलेल्या बोटी शिडांसकट पाण्यात डुलत असतात.

बावटा लागेपर्यंत थांबणं

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मग धावपळ, ही जुनी सवय. ‘निसर्ग’ला २ जून २०२० च्या दुपारी चक्रीवादळाचा दर्जा मिळाला आणि ३ जूनच्या दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर होतं. चोवीस तासांत बोट वर काढणं, शिडं उतरवणं, डोलकाठी काढणं यातलं एकही काम धड होत नाही. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा पहिला इशारा साधारण ४८ तास आधी येतो, त्याच्याही आधी ‘प्री-सायक्लोन वॉच’ असतो. निर्णय तेव्हाच घ्यायचा. वादळ ओमानकडे वळलं तर दोन दिवसांची मजुरी गेली, एवढंच.

यात एक पेच आहे, तो पंचांगात दिसतो. इथल्या अनेक जुन्या स्लिपवेवर (बोट वर ओढायच्या उतारावर) पुरेसं पाणी उधाणालाच चढतं. ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलं १७ मे २०२१ ला, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर तीन दिवसांनी, भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती कमीच चढते. अशा वेळी खोल कील (तळाखालचा जड कणा) असलेली बोट स्लिपवेवर चढवायची म्हटलं तरी खाली पाणीच नसतं. ‘निसर्ग’ आलं तेव्हा उलट परिस्थिती होती, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणून मेच्या सुरुवातीलाच उधाणाचे दिवस बघून बोट वर काढायची तारीख ठरवा आणि पुढे ढकलू नका. ‘अजून एक रविवार मांडव्याला जाऊन येऊ’ या मोहाने जितक्या बोटी अडकतात, तितक्या दुसऱ्या कशाने अडकत नसतील.

ओहोटीचं पाणी मोजून साखळी सोडणं

नांगरावर राहायचंच असेल तर ही चूक सगळ्यात महागात पडते. नांगर टाकला, डेप्थ साउंडरवर ४ मीटर दिसले, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दीड मीटर, बेरीज साडेपाच. साखळी या बेरजेच्या सात पट हवी म्हणून ३८ मीटर सोडली आणि माणूस घरी गेला. पण ती ओहोटी होती. भरतीला साडेचार मीटर पाणी वाढतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर फुगतो, आणि वारा किनाऱ्याकडे पाणी ढकलतो ते वेगळं. त्यासाठी किमान एक मीटर धरा. खरी बेरीज ११ मीटर होते, आणि त्या ३८ मीटरचं प्रमाण उरतं साडेतीन पट. नांगराची दांडी वर उचलली जाते, पातं गाळातून सुटतं, आणि बोट कोणाच्या तरी अंगावर जाते.

११ मीटरला सात पट म्हणजे ७७ मीटर, आणि वादळासाठी दहा पट सांगतात. एवढी साखळी फार कमी बोटींवर असते. निम्मी साखळी आणि पुढे जाड नायलॉन दोर हा व्यवहार्य मार्ग आहे. आता उलटी बाजू बघा. ओहोटीला हेच ७७ मीटर सैल पडतात आणि बोट तेवढ्या त्रिज्येत फिरते, म्हणजे आजूबाजूला तेवढी मोकळी जागा हवी. शिवाय लाटेच्या खळग्यात कील तळाला आपटणार नाही इतकं पाणी ओहोटीलाही हवं.

मुंबईचा तळ मऊ गाळाचा. रुंद, सपाट पात्यांचा नांगर अशा गाळात छान धरतो, म्हणून बरेच जण तोच एक टाकतात. पण इथे दर सहा तासांनी प्रवाह उलटतो. वारा पुरेसा वाढेपर्यंत बोट प्रवाहाच्या तोंडाला फिरते आणि साखळी पात्यात अडकून नांगर उपटू शकते. उलट दिशेने ओढ आली तरी स्वतःहून पुन्हा रुतणारा नव्या घडणीचा नांगर मुख्य ठेवावा, तोही बोटीच्या लांबीला जे वजन सांगतात त्याच्या एक पायरी वरचा. गाळात नांगर टाकून लगेच रिव्हर्समध्ये पूर्ण जोर देऊ नका. काही तास रुतू द्या, मग हळूहळू जोर वाढवा. किनाऱ्यावरचे दोन स्थिर खांब एका रेषेत धरून बघा. इंजिन ओढत असताना ती रेषा मोडली तर नांगर सरकतोय.

वारा एकाच बाजूने येईल असं धरणं

‘तौक्ते’ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातूनच उत्तरेला गेलं. ‘निसर्ग’ मुंबईच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं आणि ईशान्येला सरकलं. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे या दोन वादळांत मुंबई बंदरातला वारा विरुद्ध दिशांनी वळणार. केंद्र पश्चिमेकडून जातं तेव्हा पूर्वेकडून सुरू झालेला वारा दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला वळतो. केंद्र दक्षिणेकडून जमिनीवर जातं तेव्हा पूर्वेचा वारा उत्तरेकडे सरकतो. पहिल्या प्रकारात अपोलो बंदरासमोरचा नांगरतळ सगळ्यात वाईट, कारण आग्नेय ते दक्षिण बाजू उघडी आहे. २०२१ मध्ये गेटवेच्या कठड्यावरून लाटा आत आल्या त्या याच दिशेने. आणि तेव्हा भांग होता, हे विसरू नका.

वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. वादळाचं केंद्र साधारण तुमच्या उजव्या हाताला, थोडं मागे असतं. दर तासाला दिशा टिपून ठेवली की केंद्र कुठे सरकतंय ते कळतं. बोट मात्र सुरुवातीच्या वाऱ्याला धरून नाही, सगळ्यात जोरदार वारा जिथून अपेक्षित आहे त्याला धरून बांधायची. दोन नांगर दोन बाजूंना ताणून टाकले तर वारा फिरताना दोर एकमेकांत पिळले जातात. दोन टाकायचेच असतील तर मध्ये अर्धं वर्तुळ फिरायला वाव ठेवा.

खाडीत शिरायचा सल्ला चांगला आहे, पण डोलकाठीची उंची आठवून. ठाणे खाडीच्या वाटेवर आधी अटल सेतू, मग वाशीचे पूल; कोणत्या गाळ्याखालून भरतीलाही जाता येतं हे नकाशात आधी बघा. धरमतर खाडीत आडोसा मिळतो, पण तिथे मालाचे बार्ज चालतात, आणि सुटलेला रिकामा बार्ज तुमच्या नांगराला जुमानत नाही. परदेशी लेखांत कांदळवनाला दोर बांधायला सांगतात. इथे ओहोटीला तिवरांच्या पुढे लांबवर नुसता चिखल उघडा पडतो, त्यामुळे दोर पोचेल इतक्या जवळ गेलेली बोट सहा तासांनी आडवी झालेली दिसेल. कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे, फांद्या तोडून जागा करायचा विचारही नको.

बोया आहे, मग काळजी कशाची

बोया साखळीने तळाशी ज्याला बांधलेला असतो, तो काँक्रीटचा एक टनाचा ठोकळा समुद्राच्या पाण्यात सुमारे ५७० किलोच भरतो. त्यात वरच्या उधाणाला साखळी जवळजवळ सरळ उभी होत असेल, तर प्रत्येक लाटेला ठोकळा गाळातून उचकटला जातो. इथल्या पाण्यात पाणबुड्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही, तो चाचपून सांगतो. म्हणून ‘साखळी ठीक आहे’ यावर समाधान मानू नका. तळाजवळची कडी, स्विव्हल (फिरती कडी) आणि शॅकल (पिनेने बंद होणारी जोडकडी) यांची जाडी मोजून मागा. मूळ जाडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमी भरली तर बदला. शॅकलची पिन तारेने बांधलेली हवी.

दोर

वादळात बोटी बहुतेक वेळा दोर घासून सुटतात, ताण सहन न होऊन कमी. आणि दोर घासतो तो नेमका नाळेवरच्या चॉकमध्ये (दोर बाहेर जायच्या खाचेत), जिथे आपण फक्त एक फडकं गुंडाळलेलं असतं.

नायलॉन ताणला जातो, धक्का गिळतो, म्हणून तो हवाच. पण तोच ताण-सैल, ताण-सैल चॉकवर सतत होत राहिला की दोर आतून तापतो. पाणी लागत राहिलं तर थंड राहतो. बागेच्या पाण्याची प्लॅस्टिक नळी चढवणं ही लोकप्रिय युक्ती इथे घातक ठरते, कारण ती पाणी आत येऊ देत नाही. जाड कॅनव्हास किंवा कापडी फायर होस वापरा आणि दोन्ही टोकांना शिवून घट्ट करा. आणखी चांगलं करायचं तर चॉकमधून जाणारा तुकडा न ताणणाऱ्या पॉलिएस्टरचा ठेवा आणि नायलॉन त्याच्या पुढे बाहेर जोडा.

बाजारात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा हिरवा-निळा दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तुकडा बादलीत टाका. तरंगला तर नायलॉन नाही. तो उन्हाने लवकर कुजतो, घासला की वितळतो, आणि तुटेल तेव्हा आगाऊ कल्पना देत नाही. मुंबईतल्या दारुखान्याच्या भंगारबाजारात जहाजावरचे जुने दोर स्वस्तात मिळतात, त्यांचाही मोह नको. वरून जाड दिसणाऱ्या दोराच्या आतला पीळ कधीच मेलेला असू शकतो. तिथून जुना फायर होस मिळाला तर मात्र जरूर घ्या.

दोन दोर एकाच क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीवर) चढवू नका. क्लीटच्या खाली, डेकच्या आतून, रुंद धातूची पट्टी आहे का ते बघा. नुसते वॉशर असतील तर क्लीट डेकचा तुकडा घेऊन निघतं. धक्क्याला बांधलेल्या बोटीचा प्रश्न वेगळा: पाच मीटर चढ-उतार झेलायला दोर लांब आणि तिरके हवेत, आखूड दोर भरतीला बोट खाली खेचून धरतो. पक्क्या धक्क्याला बाजू लावून वादळ काढायचा विचार मी तरी करणार नाही.

गुंडाळलेलं शीड आणि निळी ताडपत्री

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ‘तौक्ते’त कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. ४५ किलोमीटरच्या वाऱ्याशी तुलना केली तर दाब सहा पटींहून जास्त. फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) गुंडाळलेलं पुढचं शीड वरून कुठेतरी सुटतं, फुगतं आणि डोलकाठी हलवून हलवून पाडतं. कितीही घट्ट बांधलं असलं तरी ते खाली काढा. मुख्य शीडही. बिमिनी (उन्हासाठीचं कापडी छप्पर), सोलर पॅनेल, जीवरक्षक कडी, हवा भरलेली डिंगी (छोटी होडी), सगळं घरी.

यार्डातल्या बोटींवर मेअखेर बांबूची चौकट उभारून निळी ताडपत्री ताणायची पद्धत आहे. पावसासाठी ती ठीक, वादळात तीच शीड बनते आणि टेकूंवरून बोट ढकलते. इशारा आला की फाडायची वेळ आली तरी चालेल, पण उतरवा.

जमिनीवर आहे म्हणून निश्चिंत

टेकूंखालची माती पावसाने लोणी होते. प्रत्येक टेकूखाली जाड प्लायवूडचा रुंद तुकडा हवा, आणि समोरासमोरचे टेकू कीलखालून साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर ते बाहेर सरकतात. बोट पट्ट्यांनी जमिनीतल्या पक्क्या कड्यांना आवळा. डोलकाठी काढता आली तर फारच उत्तम. किनाऱ्यालगतच्या यार्डात पाणी टेकूंपर्यंत येऊन बोट तरंगण्याइतकं चढेल का, हेही उधाणाच्या खुणांवरून बघा.

पाणी आत येतं ते वरून

‘तौक्ते’त सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला. दोन चौरस मीटरच्या कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या खोलगट जागेत) नुसता थेट पडणारा पाऊस म्हणजे ४६० लिटर. निचऱ्याच्या भोकात एक पान किंवा गुटख्याची पुडी अडकली की पाणी केबिनमध्ये उतरतं. जमिनीवरच्या बोटीचा तळाचा बूच काढून ठेवा. पाण्यातल्या बोटीचे कॉकपिटच्या निचऱ्याचे सोडून बाकी सगळे सी-कॉक (बोटीच्या तळातल्या भोकांचे व्हॉल्व्ह) बंद करा. बिल्ज पंपाला (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाला) किनाऱ्यावरची वीज मिळेल असं धरू नका. बॅटरी पूर्ण चार्ज, फ्लोट स्विच हाताने उचलून तपासलेला. इंजिनच्या पाण्याचा स्ट्रेनर (गाळणी) आधी साफ करा, कारण ढवळलेल्या गाळात आणि प्लॅस्टिकमध्ये तो काही मिनिटांत भरतो, आणि नांगराचा ताण इंजिनने हलका करायचा बेत तिथेच संपतो.

बोटीवर थांबणं

‘तौक्ते’त मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात नांगरलेला पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला, त्यावरची सत्तरहून अधिक माणसं गेली. तो तर शेकडो माणसांच्या राहण्याचा बार्ज होता. दहा-बारा मीटरच्या यॉटवर पाऊस आडवा लागला की नाळेपर्यंत रांगत जाणंही अशक्य होतं, मग थांबून करणार काय? शेवटची तपासणी करा, कागदपत्रं आणि व्हीएचएफ रेडिओचा हँडसेट घेऊन किनाऱ्यावर या. दुसऱ्या कोणाची बोट सुटून वाहताना दिसली तर स्वतः डिंगी काढू नका, तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा.

वारा पडल्यावर पहिल्या भरतीच्या आत जाऊन बघा. आधी दोर आणि बिल्ज, मग इंजिन. आसपासच्या पाण्यात सुटलेले दोर आणि जाळी तरंगत असतात, म्हणून प्रोपेलर मोकळा आहे याची खात्री झाल्याशिवाय गिअर टाकू नका. नांगर वर काढून बघितल्याशिवाय त्याच जागी दुसऱ्या रात्रीसाठी तर अजिबात थांबू नका.