स्कॉलरवर सापडलं नाही, म्हणजे संशोधन झालंच नाही?

पीएचडीच्या आराखड्यात ‘या विषयावर आजवर संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य लिहायची घाई करू नका. गूगल स्कॉलरवरच्या (गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळावरच्या) तासाभराच्या शोधाच्या भरवशावर ते लिहिलेलं असेल, तर आरआरसीसमोर, म्हणजे आराखडा तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, पहिल्याच प्रश्नाला अडचण होते.

माझा विषय मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांचं हंगामी स्थलांतर. ‘ऊसतोड कामगार’ असं देवनागरीत टाकलं की स्कॉलरवर फारसं हाती लागत नाही. हीच माणसं इंग्रजी लेखांत कुठे ‘शुगरकेन कटर्स’ असतात, कुठे ‘केन हार्वेस्टर्स’, तर कुठे नुसतेच ‘सीझनल मायग्रंट्स’. रोमन लिपीत ‘ऊसतोड’ लिहायची तऱ्हा तर ज्याची त्याची वेगळी. पबमेडवर वैद्यकीय लेखांना ठरावीक विषयशब्द लावलेले असतात, तशी सोय स्कॉलरला नाही. त्यामुळे आधी शब्दांची यादी करायची आणि एकेक शब्द स्वतंत्रपणे शोधायचा, याला पर्याय नाही.

स्कॉलरचं खरं बळ ‘साइटेड बाय’मध्ये, म्हणजे एखाद्या लेखाचा संदर्भ पुढे कोणकोणत्या लेखांनी दिला ते दाखवणाऱ्या लिंकमध्ये आहे. गुजरातेतल्या बारडोलीच्या साखर कारखान्यांवर आणि तिथे तोडीला जाणाऱ्या खानदेशी मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ याँ ब्रेमन यांनी १९७८ साली लेख लिहिला. त्या लेखाखालची ही लिंक उघडून, त्या यादीपुरताच शोध घेण्याची खूण करून ‘महाराष्ट्र’ टाकून बघा. नुसत्या शब्दशोधात कधीच वर न आलेले लेख इथे भेटतात.

पण आकड्यांना भुलू नका. वर हजारो निकाल लिहिलेले असले तरी बघता येतात जास्तीत जास्त १०००. तारखेप्रमाणे लावले, तर गेल्या वर्षभरात भर पडलेलेच दिसतात. चांगल्या नियतकालिकातला लेख आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्याकडचा लेख शेजारी शेजारी येतात. निवड आपणच करायची.

प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध तिथे जाऊ लागले, त्यामुळे जुने सगळे मिळतीलच असं नाही. मराठी प्रबंधांची आणखी एक अडचण आहे. कित्येक पीडीएफ नुसत्या स्कॅन केलेल्या, तर काही युनिकोडपूर्व फाँटमधल्या. पडद्यावर स्वच्छ ‘ऊस’ दिसतो, पण तोच शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटतो. यंत्राला तो काला म्हणजे ‘ऊस’ हे कळणार कसं? म्हणून तिथे विद्यापीठ आणि विभाग निवडून शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घाला. वेळ जातो, पण काम होतं.

त्यानंतर पुण्यात गोखले संस्थेचं गाडगीळ ग्रंथालय आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय गाठा. गोखले संस्थेचे बरेच जुने ग्रंथ आणि अहवाल घरबसल्या मोफत वाचता येतात. आराखड्यात मात्र कुठे, कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत शोधलं, ते स्पष्ट लिहा.