मनातली चढाई फसते कुठे? या चुका टाळा

कबड्डीच्या सरावात प्रशिक्षक सांगतात, ‘डोळे मिटा, चढाई डोळ्यांसमोर आणा.’ मुलं डोळे मिटतात आणि महिनाभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून हा प्रकार बंद पडतो. दोष बहुतेकदा पद्धतीत असतो.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. मैदानावर चढाईला 30 सेकंद मिळतात, मनातली मात्र पाच-सात सेकंदांतच आटोपते. घाईत निदानरेषा (मध्यरेषेपलीकडची, चढाईत ओलांडावी लागणारी रेषा) ओलांडणं, कोपरारक्षकाचा, म्हणजे टोकाच्या बचावपटूचा, पवित्रा हेरणं, परतीचं पाऊल हे सगळं गाळलं जातं आणि मग सराव त्या अर्धवट चढाईचाच होतो. म्हणून स्टॉपवॉच लावा. मनात मध्यरेषा ओलांडताना खेळाडूने बोट उचलायचं, परतल्यावर पुन्हा उचलायचं. ही वेळ त्याच्याच सामन्याच्या व्हिडिओतल्या चढाईशी ताडून पाहा. आणखी सोपा उपाय खेळातच आहे: दम. ‘कबड्डी कबड्डी’ ओठांतल्या ओठांत चालू ठेवलं की चित्र पळत नाही.

दुसरी चूक म्हणजे हा सराव गादीवर लोळत करणं. क्रीडा मानसशास्त्राचे अभ्यासक पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी 2001 मध्ये मांडलेल्या मनातल्या सरावाच्या ‘पेटलेप’ पद्धतीत शरीराची स्थिती, परिसर, वेळ, भावना असे सात घटक आहेत. मनातला सराव खऱ्या खेळाच्या जितका जवळ, तितका चांगला, हा त्यामागचा विचार. तेव्हा बूट-जर्सी घालून मॅटवरच उभं राहा, गुडघे वाकवा, वजन चवड्यांवर घ्या. जमेल तिथे पाऊलही टाका.

चित्रात फक्त करंडक आणि टाळ्या दिसत असतील, तर त्याने हुरूप येतो, पण पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. उलट प्रकारही होतो: दर वेळी घोट्याची पकड बसलेलीच दिसते. अशा वेळी ‘पकड होऊ द्यायची नाही’ असं घोकू नका, त्याने पकडच जास्त आठवते. चित्र थांबवा, पकडीच्या दोन पावलं आधी जा, पाय काढून घेण्याची हालचाल तेवढी सावकाश करा आणि मग पूर्ण चढाई नेहमीच्या वेगाने पुन्हा घ्या.

अडचणींचा सराव मात्र हवाच. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. काही दिसत नसताना तो हातांचे फटके मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन यांनी त्याच्याकडून बिघडलेल्या शर्यतीही मनात घोकून घेतल्या होत्या. तुमच्या चढाईपटूने लागोपाठ दोन चढाया गुणाविना गेल्यावरची तिसरी, ‘करो या मरो’ची चढाई, समोर सातही बचावपटू असताना मनात केली आहे का?

निर्णय आणि टायमिंगसाठी स्वतःच्या डोळ्यांतून पाहा. शरीराची ठेवण सुधारायची असेल तर बाहेरून, व्हिडिओसारखं पाहणंही चालतं.

काहींना चित्र दिसतच नाही. त्यांच्यावर जबरदस्ती नको. तळव्याखालची मॅट, श्वास, बचावपटूंच्या हाका यांवर त्यांनी लक्ष द्यावं.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं पुरेत, तीही मैदानी सरावाला जोडून. शेवटी ‘दिसलं का?’ असं विचारू नका, सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘डावा कोपरारक्षक कुठे उभा होता? तुझा कुठला पाय पुढे होता?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर चढाई छोटी करा: मध्यरेषेपासून निदानरेषेपर्यंतची, पुरुषांच्या मैदानावरची 3.75 मीटर तेवढीच.