सोनिक पायवर लाइव्ह कोडिंग: सम कशी सांभाळावी

कोड लिहायचा, तो वाजत असतानाच बदलायचा आणि ऐकणाऱ्यांसमोर संगीत उभं करायचं, याला लाइव्ह कोडिंग म्हणतात. मी हे बरीच वर्षं करतो आहे: लालबागच्या घरी रात्री हेडफोन लावून, मित्रांच्या हॉलमध्ये, कधी वीस-पंचवीस लोकांसमोर. नवीन येणारी बहुतेक मुलं दोन सल्ले घेऊन येतात. आधी हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, आणि आधी चांगलं साउंड कार्ड घ्या. दोन्ही सल्ल्यांनी माणसं सुरुवातीलाच अडकून पडतात.

हास्केलचा सल्ला येतो टायडलसायकल्समुळे, कारण ते त्या भाषेत चालतं. ॲलेक्स मॅक्लीन यांनी घडवलेलं ते साधन मला फार आवडतं, पण ज्याला आज संध्याकाळी आवाज ऐकायचा आहे त्याने तिथून सुरुवात करू नये. सोनिक पाय हे लाइव्ह कोडिंगचं दुसरं साधन घ्या. सॅम ॲरन यांनी ते २०१२ मध्ये केंब्रिज विद्यापीठात, शाळेतल्या मुलांना रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर प्रोग्रॅमिंग शिकवता यावं म्हणून सुरू केलं. मुलांसाठी आहे म्हणून कमी लेखू नका. आतलं आवाजाचं इंजिन सुपरकोलायडर आहे, जे १९९६ पासून गंभीर संगीतकार वापरत आले आहेत. ते वेगळं बसवावंही लागत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची मुभा नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारं स्ट्रूडल आहे. तेही उत्तम, पण त्याची घडण वेगळी आहे आणि पुढचं सगळं सोनिक पायबद्दल आहे.

साउंड कार्डाचा सल्ला कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी ठीक आहे. पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला तर त्यांचा हात अडखळतो. इथे आपण पट्टी दाबतच नाही. सोनिक पाय मुळातच अर्धा सेकंद पुढचं वेळापत्रक आखून ठेवतं, म्हणून तर त्याची लय इतकी घट्ट राहते. तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलातच तर एक चांगली केबल आणि तारेचे हेडफोन घ्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही आणि मग माणूस ढोलाचा आवाज नको तितका वाढवून ठेवतो.

इन्स्टॉल करा, उघडा. रन आणि स्टॉप ही बटणं वरच दिसतील.

आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत करायच्या.

पहिला आवाज

'सॅम्पल :बीडी_हाउस', खाली 'स्लीप १', आणि दोन्ही ओळींना 'लाइव्ह_लूप :ठोका डू' आणि 'एन्ड' यांच्या मध्ये ठेवा. रन दाबा. ठोका सुरू झाला. ('हाउस' टाइप करताना एच-ए-यू-एस.) लूप म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, स्लीप म्हणजे पुढच्या ओळीआधी तेवढं थांबणं. सगळ्यात वर 'यूज_बीपीएम १२०' (मिनिटाला १२० मात्रा) लिहिलंत की 'स्लीप १' म्हणजे एक मात्रा, अर्ध्या सेकंदाची.

आता तबला. सोनिक पायमध्ये तबल्याचे सुटे बोल आधीपासून दिलेले आहेत आणि आपल्याकडच्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. 'टॅब्ला_ना' आहे, 'टॅब्ला_तुन', 'टॅब्ला_ते', 'टॅब्ला_के', 'टॅब्ला_घे' आहेत, ना सोडून या बाकीच्यांचे अनेक प्रकार क्रमांक लावून दिलेले आहेत. 'धा' शोधू नका, तो तयार मिळत नाही. ना आणि घे एकाखाली एक लिहा, मध्ये स्लीप देऊ नका. दोन्ही एकाच क्षणी वाजतात आणि धा होतो, हातांनी होतो तसाच. हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत झोपलो नव्हतो.

सम

सम म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची, म्हणजे आवर्तनाची, पहिली मात्रा. इथे माझी कित्येक महिने दमछाक झाली, म्हणून इथे थांबून लिहितो.

दादरला एका मित्राच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. १२० च्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचा ठेका एका लूपमध्ये आणि वर झांजेसारखा बारीक आवाज तिप्पट लयीत, म्हणजे एका मात्रेत तीन. त्या तिपटीसाठी मी 'स्लीप ०.३३' लिहिलं होतं. सुरुवात छान झाली. पाऊण मिनिटात सगळं विस्कटलं. मित्राचे वडील आयुष्यभर भजनाला तबला धरलेले. ते उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाळा, सम कुठे आहे तुझी?" मला उत्तर देता आलं नाही.

हिशेब साधा आहे. ०.३३ तीनदा म्हणजे ०.९९. प्रत्येक मात्रेला शंभरावा भाग कमी. सोळा मात्रांच्या आवर्तनात ०.१६ मात्रा कमी. सहा आवर्तनांत जवळजवळ पूर्ण एक मात्रा गेली. १२० च्या लयीत एक आवर्तन आठ सेकंदांचं, म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंदांत झांज एक मात्रा पुढे पळालेली. यंत्र चुकत नाही, आपण सांगितलं तेच ते करतं. म्हणून तिपटीला '१.० / ३' असंच लिहा. '१ / ३' लिहू नका. सोनिक पायच्या मुळाशी रूबी ही भाषा आहे आणि तिथे दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणजे शून्य. शून्य थांबणारा लूप सोनिक पाय चालू देत नाही, चूक दाखवतं.

दुसरी चूक बेरजेची. ठेका लिहिताना प्रत्येक बोलाखाली वेगवेगळं स्लीप लिहीत गेलात की कुठेतरी अर्धी मात्रा जास्त पडते आणि लूप साडेसोळा मात्रांचा होतो. ट्युटोरियलमध्ये असेच लांबलचक लूप दाखवतात, त्याचा मला राग येतो. माझा नियम: एका लूपमध्ये स्लीप एकदाच. '१६.टाइम्स डू', आत बोल निवडायचा, 'स्लीप १', 'एन्ड'. दुगुन हवी तर ३२ वेळा आणि 'स्लीप ०.५'. तिप्पट हवी तर ४८ वेळा आणि '१.० / ३'. सोळा बोलांची यादी 'रिंग' (संपली की पहिल्यापासून फिरणारी) करून वर ठेवा आणि 'टिक'ने एकेक पुढे सरका. बेरीज चुकण्याची जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती मला कुणीच सांगितली नव्हती. रन दाबल्याने आधीपासून चालू असलेला लूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. तो आपलं आवर्तन पूर्ण करतो आणि पुढच्या फेरीपासून नवा मजकूर वाजवतो. ही फार मोठी सोय आहे. पण नवीन लूप मात्र रन दाबल्या क्षणी सुरू होतो. तुम्ही सातव्या मात्रेच्या मध्यावर दाबलंत तर त्याची सम तिथेच, आणि ती तिथेच राहणार. यावर दिला जाणारा वाईट सल्ला म्हणजे सगळं थांबवून पुन्हा चालू करा. लोकांसमोर असं कधीही करू नका. ऐकणारा एकदा लयीत बसला की त्याला तिथून उठवायचं नसतं.

उपाय असा. सगळ्यात वर एक मुका लूप ठेवा: 'लाइव्ह_लूप :सम डू', 'स्लीप १६', 'एन्ड'. तो काहीच वाजवत नाही. पण प्रत्येक लाइव्ह लूप आपल्या फेरीच्या सुरुवातीला आपल्या नावाने हाक देतो, त्यामुळे दर सोळा मात्रांनी 'सम' अशी हाक जाते. आता बाकीच्या प्रत्येक लूपच्या पहिल्या ओळीतच, नावापुढे स्वल्पविराम देऊन, 'सिंक: :सम' लिहा. नवा लूप ती हाक येईपर्यंत थांबतो आणि समेवरच पाय टाकतो. मग रन कधीही दाबा, नवव्या मात्रेला, साडेतेराव्या मात्रेला, फरक पडत नाही. अगदी पहिल्यांदा रन दाबल्यावर एखादं आवर्तन शांतता राहू शकते. पहिली हाक निघून गेलेली असते एवढंच. आठ सेकंद थांबा.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात बराच काळ अडकलो होतो. 'सिंक :सम' ही ओळ लूपच्या पोटातही लिहिता येते, आणि अनेक ठिकाणी तशीच लिहिलेली सापडते. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. नावापुढे लिहिलेलं सिंक एकदाच, सुरुवातीला वाट पाहतं. पोटातलं सिंक दर फेरीला वाट पाहतं. आता तुमचा लूप बरोबर सोळा मात्रा झोपून पुन्हा 'सिंक'पाशी पोहोचला आणि त्याच क्षणी हाक निघून गेली, तर तो पुढच्या हाकेची वाट पाहत बसतो. ऐकू काय येतं? एक आवर्तन ठेका, एक आवर्तन शांतता. मी आवाजाच्या फाइली बदलून पाहिल्या, लॅपटॉप बदलून पाहिला. दोष त्या एका ओळीच्या जागेत होता. पोटातच सिंक हवं असेल तर शेवटच्या बोलानंतरचं स्लीप काढून टाका. पण मी म्हणेन, नावापुढेच लिहा आणि बेरीज बरोबर ठेवा.

लूप बंद करण्याबद्दलही असाच गैरसमज आहे. मजकूर खोडून रन दाबलं तरी लूप वाजतच राहतो, कारण खोडणं म्हणजे थांब म्हणणं नव्हे. त्याच्या पोटात पहिल्या ओळीवर 'स्टॉप' लिहा आणि रन दाबा, तो पुढच्या समेवर थांबेल. मी प्रत्येक लूपच्या पहिल्या ओळीवर हॅश (#) लावून 'स्टॉप' आधीच लिहून ठेवतो. हॅश असलेली ओळ सोनिक पाय वाचत नाही. वेळ आली की फक्त हॅश काढायचा.

आणि एखाद्या आज्ञेचं नाव चुकलं तर तेवढा एक लूप मरतो, बाकीचे चालू राहतात. घाबरून स्टॉपकडे हात नेऊ नका. नाव दुरुस्त करा, रन दाबा, तो समेवर परत येईल.

लय मात्र कार्यक्रमात बदलू नका. वरची 'यूज_बीपीएम'ची ओळ बदलल्याने चालू लूपची लय बदलत नाही, आणि प्रत्येक लूपच्या आत बदलायला गेलात की ते वेगवेगळ्या क्षणी बदलतात.

सूर

स्वर आकड्यांनी लिहायचे. मधला सी म्हणजे ६०, पेटीवरची पांढरी एक. तिला सा धरलं तर भूप ६०, ६२, ६४, ६७, ६९. स्केलच्या यादीत भैरव, तोडी, मारवा, पूर्वी ही नावंही सापडतील. ती फक्त स्वरांची यादी आहे. त्यातून 'चूज' लावून अंदाधुंद स्वर काढले तर तो मारवा होत नाही, रागाचं चलन, म्हणजे स्वरांची चाल, तुम्हालाच लिहावं लागतं. चार-पाच स्वरांची एक चांगली ओळ हाताने लिहा. दहा हजार यादृच्छिक स्वरांपेक्षा ती ऐकवते.

मुंबईचे आवाज

हे सोपं आहे आणि यातच सगळ्यात जास्त आनंद आहे. फोनवर रेकॉर्ड करा. पावभाजीच्या तव्यावर उलथन्याची टणटण, कुकरची शिट्टी, दादरच्या अलीकडे लोकल रूळ बदलते तेव्हाची खडखड (डब्यात आत उभं राहून, दारात लटकून नव्हे), बेंजो पार्टीच्या सरावातला ताशा, तोही विचारून. फोनचं रेकॉर्डिंग बहुधा एम-फोर-ए असतं, ते आधी वेव्हमध्ये बदलून घ्या. मग 'सॅम्पल' आणि पुढे फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांत. 'बीट_स्ट्रेच: ४' जोडलंत की तो तुकडा बरोबर चार मात्रांत बसतो. त्याने स्वरही वर-खाली होतो, तव्याला ते शोभतं, माणसाच्या आवाजाला नाही. तुकडा कापताना सुरुवातीची शांतता काढून टाका, नाहीतर ठोका समेनंतर पडतो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता.

लोकांसमोर

अक्षरं मोठी करा आणि पडदा दाखवा. २००४ मध्ये हॅम्बुर्गला स्थापन झालेल्या टॉपलॅप या गटाच्या जाहीरनाम्यात हीच मागणी आहे: तुमचे पडदे आम्हाला दाखवा. मला ती मनापासून पटते. तबलजीचे हात दिसतात, मग आपले का लपवायचे? नोटिफिकेशन बंद, चार्जर लावलेला, आणि उघड्यावर स्पीकर असेल तर रात्री दहाच्या आत संपवा.

संपवायचं कसं, ते आधीच ठरवा. मी तिहाईने संपवतो, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतो. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घेतला, तर तिसऱ्या मात्रेपासून सुरू करून पंधरावा ठोका नेमका समेवर पडतो. म्हणून नवा लूप: 'सिंक: :सम', 'स्लीप २', मग '३.टाइम्स डू' आणि आत पाच मात्रांचा तुकडा, शेवटचा बोल धा. सगळ्यात खाली 'स्टॉप'. रन दाबा, सम येऊ द्या. तिहाईचा पहिला बोल ऐकू आला की बाकीच्या सगळ्या लूपमधल्या 'स्टॉप'समोरचे हॅश काढा आणि पुन्हा रन दाबा. हातात सात सेकंद असतात, घरी सराव केला असेल तर पुरतात. ठेका तिहाईसोबत चालत राहतो आणि शेवटचा धा पडतो त्याच समेवर थांबतो. त्यानंतर स्टॉपचं बटण दाबू नका, धाची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, मध्येच तुटते. ती पूर्ण विरेपर्यंत हात मांडीवर ठेवा.