टॉपचं लाकूड निवडण्याआधी: पोकळ इलेक्ट्रिक गिटारीच्या तयारीची यादी

टॉप, म्हणजे गिटारीची तारांखालची पुढची फळी, स्प्रूसची की मेपलची, हा प्रश्न घेऊन कारागिराकडे जाऊ नका. आधी कागदावर लिहून काढा की गिटार कुठे आणि किती आवाजात वाजणार आहे. ‘जॅझ वाजवायचंय’ एवढ्यावर भागत नाही. ड्रम किती फुटांवर असतील, अ‍ॅम्प पाठीशी असेल की बाजूला, जागा घराची बैठक आहे की हॉल, हे सगळं लिहा. तेवढं लिहिलं की निम्मी निवड आपोआप होते. मी उलट्या क्रमाने गेलो. आधी कोरीव (जाड फळी कोरून घडवलेल्या) स्प्रूसच्या प्रेमात पडलो आणि कार्यक्रम मग घेतला.

कार्यक्रम एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता. ड्रमर खेटून आणि अ‍ॅम्प पाठीमागे चार फुटांवर. खालचा ए वाजला की गिटार जी घुमायला लागायची, ती तारेवर हात ठेवला तरी थांबेना. मध्यंतरात एका जुन्या उशीतला फोम काढून एफ-होलमधून (टॉपवरच्या ‘f’ आकाराच्या भोकातून) आत कोंबला. वेळ निभावली, पण ज्या मोकळ्या आवाजासाठी पैसे मोजले होते तो फोमने गिळला. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगसुद्धा एफ-होलमध्ये कापड कोंबायचे आणि पुढे गिब्सन या गिटार कंपनीने त्यांच्या नावाचं ‘ल्यूसिल’ मॉडेल एफ-होलच न ठेवता काढलं, हे नंतर कळलं तेव्हा जरा बरं वाटलं.

कारण साधं आहे. टॉप तारांनी हलतो तसाच स्पीकरच्या आवाजानेही हलतो. टॉप हलला की तार हलते, पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) ते उचलतो, अ‍ॅम्प ते मोठं करून पुन्हा टॉपवर फेकतो. म्हणजे टॉप जितका हलका आणि बोलका, तितकं हे घुमणं, म्हणजे फीडबॅक, लवकर. गिब्सनच्या गिटारींच्या इतिहासात ही तडजोड स्पष्ट दिसते. १९३६ च्या ईएस-१५० ला कोरीव स्प्रूसचा टॉप होता. १९४९ च्या ईएस-१७५ ला मेपलच्या प्लायचा (पातळ थर चिकटवून केलेला) टॉप आला, तो स्वस्तही पडला आणि कमी घुमलाही. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये तर पोटात मधोमध लाकडाचा ठोकळाच बसवला. तेव्हा यादीतला खरा प्रश्न ‘कोरीव की प्लाय’ हा आहे, लाकडाच्या जातीचा नंबर त्याच्या मागून येतो. प्लाय म्हटलं की आपल्याकडे स्वयंपाकघरातलं कपाट आठवतं आणि नाक मुरडलं जातं. पण जॅझच्या कित्येक लाडक्या गिटारींचा आवाज हा प्लायचाच आवाज आहे.

दुसरी गोष्ट ठरवा ती पिकअपची. टॉपमध्ये हंबकरसाठी (दुहेरी गुंडाळीच्या पिकअपसाठी) दोन चौकोनी भोकं पाडायची असतील, तर महागडा स्प्रूस घेऊन त्याचा मधला भागच कापून टाकणं मला पटत नाही. (गिब्सनच्या १९५१ च्या एल-५ सीईएसमध्ये पिकअपसाठी कोरीव टॉप असाच कापलाय आणि ती गिटार सुंदर वाजते, हे मान्य.) कोरीव टॉप घ्यायचाच तर पिकअप नेकच्या टोकाला किंवा पिकगार्डला (तारांशेजारच्या संरक्षक पट्टीला) लटकता ठेवा, टॉपला हात लावू नका. तारांचंही आत्ताच ठरवा. दहा नंबरच्या बारीक तारांनी कोरीव टॉप जागाच होत नाही, त्याला बारा नंबरच्या तरी लागतात. बोटांची तेवढी तयारी नसेल तर प्लाय घ्या आणि सुखी राहा.

आता जाती. स्प्रूस हलका आणि वजनाच्या मानाने ताठ, म्हणून तो पहिला. त्याच्या प्रकारांत सिटका सहज मिळतो, एंगलमन थोडा मऊ आणि अ‍ॅडिरॉन्डॅक जास्त ताठ, पण महाग. मेपल स्प्रूसच्या दीडपटीहून जड, त्याचा स्वर आवळलेला आणि आघात स्वच्छ. रेड सीडर हळू वाजवणाऱ्याला लगेच साथ देतो, पण नखानेही ओरखडा पडतो. गर्दीत गिटार घेऊन फिरणाऱ्याने तो घेऊ नये. महोगनीचा आवाज मधल्या स्वरांत भरतो. मिरजेला तंबोऱ्याच्या तबलीसाठी तून वापरतात. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्याही कुळातलं झाड. त्याचा गिटार-टॉप करून बघायची इच्छा मला कधीपासून आहे, पण सांगण्यासारखं अजून हाताशी काही नाही.

फळी बघायला जाताना वजनकाटा, टेप, टॉर्च आणि ओलं फडकं बरोबर न्या. सोळा इंची गिटारीसाठी टॉपची अर्धी फळी साधारण ५५ × २१.५ × २.२ सेंटिमीटर असते, म्हणजे २६०० घन सेंटिमीटर. वजन १.१ किलो भरलं तर घनता घन सेंटिमीटरला ०.४२ ग्रॅमच्या आसपास, सिटकाला ती शोभते. तेवढ्याच मापाची हार्ड मेपलची फळी १.८ किलोच्या घरात जाते. मग फळी एका टोकापासून लांबीच्या साधारण एक-पंचमांशावर दोन बोटांत हलकेच धरा, कानाजवळ आणा आणि मध्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टकटक करा. चांगली फळी स्वर देते आणि तो रेंगाळतो. दोन फळ्या शेजारी धरून वाजवल्या की न शिकलेला कानही फरक सांगतो. चुकीच्या जागी धरलीत तर उत्तम फळीही पुठ्ठ्यासारखी वाजेल, म्हणून धरण्याची जागा दोन-तीनदा बदलून बघा.

टॉर्च कशाला? पुस्तकासारखे उघडून जोडलेले दोन अर्धे भाग एका बाजूने उजेडात धरले, की कधी एक गडद आणि एक फिका दिसतो. फळी फिरवली की गडद-फिकं उलटं होतं. तो रंगाचा फरक नसतो. धागे पृष्ठभागाला समांतर न जाता तिरके बाहेर पडतायत, एवढाच त्याचा अर्थ. अशी फळी तासताना रंधा एका अर्ध्यावर गुळगुळीत चालतो आणि दुसऱ्यावर ढलप्या उपटतो. थोडा तिरकेपणा चालतो, फार असेल तर सोडून द्या. ओलं फडकं मेपलसाठी. फिरवल्याबरोबर आतल्या लाटा उमटतात आणि पॉलिशनंतर टॉप कसा दिसेल याचा अंदाज येतो. लाटा डोळ्यांसाठी आहेत. आवाजासाठी जादा पैसे म्हणून कुणी मागितले तर हसून पुढे जा.

चिराई, म्हणजे ओंडक्यातून फळी कशी कापली आहे ते, न विसरता बघा. फळीच्या टोकाला वर्षवलयांच्या रेषा उभ्या हव्यात. चाळीस सेंटिमीटर रुंद सिटका टॉपच्या ओलाव्यात चार टक्के फरक पडला तर उभ्या चिराईत तो सुमारे अडीच मिलिमीटर हलतो, आडव्या चिराईत (रेषा आडव्या असतील तर) चारच्याही वर. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यातून डिसेंबरात येताना लाकूड हे भोगतं. प्लाय बराचसा जागच्या जागी राहतो, तोही त्याच्या बाजूने एक मुद्दा.

कागदपत्रांचं थोडक्यात. कच्चं लाकूड परदेशातून मागवताना फायटोसॅनिटरी (लाकूड कीडमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. स्प्रूस आणि मेपलला साइट्सची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) आडकाठी नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली खरी महोगनी मात्र त्या यादीत आहे, तिचे कागद विक्रेत्याकडून आधीच मागून घ्या.

पैशांत थोडी कसर ठेवा, कारण कोरताना फळी दगा देऊ शकते आणि दुसरी घ्यावी लागते. आणलेली फळी लगेच कापायला देऊ नका. चारी बाजूंनी हवा लागेल अशी पट्ट्यांवर मांडा, शेजारी हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा आणि काही आठवडे दर रविवारी वजन करून फळीच्याच टोकाला पेन्सिलीने लिहा. आकडा हलायचा थांबला आणि खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत आली की जोड मारायला हरकत नाही. आमच्याकडे तो मुहूर्त दिवाळीनंतर निघतो.