काजूच्या पट्ट्यावर एफपीजीए कसा बसवाल

गोव्यात डिचोलीला काकांचा काजूचा कारखाना आहे. अख्खा गर कुठला, पाकळी कुठली हे ओळखायला पट्ट्यावर मी कॅमेरा लावलाय आणि त्यामागे पिंक-झेड२ हा एफपीजीए बोर्ड, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं पुन्हा मांडता येईल अशा चिपचा बोर्ड. फोटो बघून गर ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे थराथरांचं शिकवलेलं मॉडेल, त्यावर चालतं. ‘कसं केलंस?’ असं विचारणारे वाढले, म्हणून लिहितो.

बोर्ड नंतर घ्या, आधी हिशेब करा. यातल्या झिंक ७०२० चिपमध्ये ३६ किलोबिटांचे १४० मेमरी ब्लॉक आहेत, म्हणजे सारी मिळून ६३० केबी. ८ बिटांचे ६ लाख वेट्स (नेटवर्क शिकताना ठरणारे आकडे) ठेवले की चिप भरली. ४ बिटांवर उतरलात तर १२ लाख. शिवाय एका थराकडून पुढच्याकडे जाणाऱ्या मधल्या आकड्यांनाही जागा लागते, मी निम्मी मोकळीच सोडतो. चॅटबॉट यात मावणार नाही, त्याला जीपीयू, म्हणजे एकदम हजारो हिशेब करणारी मोठी चिप, बरा.

पण जीपीयू आमच्या खाजगी बससारखा. पोटभर माणसं मिळाली तरच परवडतो, तोवर कंडक्टर ‘फुडें वच’ करत उभा. पट्ट्यावर गर एकेकच येतो. एफपीजीएमध्ये नेटवर्कच्या प्रत्येक थराला स्वतःची जागा देता येते. फोडणारी, सोलणारी, निवडणारी अशा बायका ओळीने बसतात ना, तसंच: पहिला गर पुढे सरकला की पहिलीच्या हातात दुसरा. दर गराला वेळ ठरलेला लागतो, म्हणून पाकळी उडवणारा हवेचा फवारा नेमका मारता येतो.

मॉडेल पायटॉर्च या सॉफ्टवेअरमध्ये, कमी बिटांवर शिकवायला मदत करणारं ब्रेव्हिटास वापरून, पहिल्यापासून ४ बिटांवरच शिकवा. मी आधी ३२ बिटांवर शिकवून शेवटी आकडे छाटले. पाकळीलाही अख्खा म्हणायला लागलं. दोन आठवडे गेले. पुढे फिन हे साधन त्या मॉडेलचं सर्किट बनवतं. सगळ्यात संथ थर हुडका आणि फक्त त्यालाच जास्त जागा द्या. सगळेच थर पळवायला गेलात तर चिपमधली ५३,२०० लूकअप टेबलं (सर्किट ज्यांतून बनतं ते छोटे तुकडे) बघता बघता संपतात. विवाडोचा (सर्किटची चिपसाठीची फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) बिल्ड पावसात यूपीएसशिवाय लावू नका. इथली वीज ठाऊक आहे.

वर्साल एआय एजसारख्या नव्या चिपांत गणिताची तयार इंजिनं असतात, ती मोठ्या कामाला बरी. पण काजूच्या पाकळीसाठी वेगळी चिप कोणी छापणार नाही; आमच्यासारख्यांना एफपीजीए लागणारच. आता काका विचारतात, ‘हाच सुपारीला चालेल रे?’ बोर्ड चालेल, फोटो नवे काढावे लागतील. आणि वरचा दिवाही बदलावा लागेल.